मालकाला जाब कोण विचारणार?

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे: कामाची विस्कटलेली घडी परत कशी बसवायची? भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना सुटे भाग करून द्यायचं युनिट. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीनं), एक सीएनसी टर्निंग (तसंच लेथ), सुपरवायझर धरून १२ माणसं. नोकरी सोडून चार वर्षं झाली. सुरुवातीला पहाटे उठून ड्रॉईंग घेऊन बसणारा माणूस आता शेडवर पोहोचल्यापासून फोनच्या मागे धावतो. कोटेशनं आठ-आठ दिवस पडून राहतात, वसुलीचे फोन उद्यावर जातात, ठरवलेलं काही तडीस जात नाही. ‘पूर्वीची उमेद राहिली नाही. नोकरीत असताना मात्र एकही तारीख चुकत नव्हती,’ असं तुम्ही लिहिलं आहे.

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. नोकरीत तुमच्याभोवती एक चौकट होती. सकाळची प्रॉडक्शन मीटिंग, महिन्याचा रिपोर्ट, वर्षाचं अप्रेझल आणि ‘काय झालं त्याचं?’ असं विचारणारा साहेब. उमेद तेव्हाही रोज सारखी नसणार, तरी काम होत होतं. राजीनाम्याबरोबर साहेब गेला आणि त्याच्याबरोबर ती विचारणाही गेली. तिच्या जागी अजून काही उभं राहिलेलं नाही, एवढंच घडलं आहे. तेव्हा स्वतःला आळशी ठरवून मनाशी भांडत बसू नका. विचारणा पुन्हा उभी करा. ती वही, तारखा आणि माणसं यांच्यावर उभी राहते. तिला ॲप लागत नाही आणि प्रेरणादायी व्हिडिओही लागत नाहीत.

पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. खिशात मावेल अशी छोटी वही घ्या आणि दर अर्ध्या तासाला एक ओळ लिहा: काय केलं, कोणामुळे करावं लागलं. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद खोटी निघते, कारण आपल्याला केलेलं काम आठवतं, मोडलेलं काम आठवत नाही. सहा दिवसांनी प्रत्येक ओळीपुढे खूण करा. ‘म’ म्हणजे फक्त मालकच करू शकतो असं काम: कोटेशन, ग्राहकाशी दराची बोलणी, वसुली, मोठी खरेदी, माणूस ठेवणं. ‘द’ म्हणजे दुसरा करू शकला असता असं. ‘च’ म्हणजे कुठेतरी चूक झाली म्हणून तुमच्या अंगावर आलेलं: इन्सर्ट (कटिंग टूलची बदलायची पाती) संपले, जुन्या रिव्हिजनच्या (आवृत्तीच्या) ड्रॉईंगवर माल झाला, चलानवर पीओ (खरेदी-ऑर्डर) नंबर चुकला, टेम्पो ग्राहकाच्या गेटवरून परत आला. ‘च’च्या ओळी मोजून पाहा. लक्ष लागत नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक मालकांचं लक्ष याच ओळींनी खाल्लेलं असतं. मनाची एकाग्रता वाढवून त्या कमी होणार नाहीत. इन्सर्टचा किमान साठा ठरवून कपाटाच्या दारावर चिकटवला, तर होतील.

आता तुमच्या लक्षाची किंमत रुपयांत काढा, कारण ती दिसल्याशिवाय सवय बदलत नाही. एका व्हीएमसीचा महिन्याचा खर्च उदाहरणादाखल असा धरू: हप्ता किंवा घसारा ४०,०००, दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर मिळून ४४,०००, वीज १८,०००, भाड्याचा वाटा २०,०००, टूल, कूलंट आणि ऑईल १५,०००, देखभाल ५,०००, सुपरवायझर आणि ऑफिसचा वाटा २०,०००. बेरीज १,६२,०००. महिन्याचे २५ दिवस, रोजचे १६ तास, त्यातला ७५ टक्के वेळ मशीन खरोखर कटिंग करतं असं धरलं तर ३०० तास. म्हणजे तासाला ५४० रुपये. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच. आता समजा, नवं सेटिंग (पुढच्या पार्टसाठी मशीनची जुळणी) झालं की फर्स्ट पीस तुम्ही बघेपर्यंत मशीन थांबतं, आणि तुम्ही फोनवर असल्यामुळे रोज ४० मिनिटं जातात. महिन्याला १,००० मिनिटं, म्हणजे १६ तास ४० मिनिटं. झाले ९,००० रुपये, आणि तेही एका मशीनचे. नुसती शिस्त सुधारायची म्हणून माणूस बदलत नाही, पण हा आकडा एकदा कळला की तो रोज दिसायला लागतो.

त्यामुळे पहिली दुरुस्ती तुमच्या वेळापत्रकाची नाही, फर्स्ट पीसच्या मंजुरीची आहे. प्रत्येक चालू पार्टसाठी एका पानाची तपासणी शीट करा. सगळी मापं त्यात नकोत. पार्ट जिथे रिजेक्ट होतो ती पाच-सहा मापं, प्रत्येकापुढे कशाने मोजायचं (मायक्रोमीटर, बोअर डायल, प्लग गेज), टॉलरन्स (चालू शकणारा फरक) आणि सही. शीटच्या डोक्यावर ड्रॉईंगचा रिव्हिजन नंबर ठसठशीत हवा. सेटरने मोजायचं, सुपरवायझरने पुन्हा मोजायचं, दोघांची मापं जुळली की मशीन सुरू. तुमची सही फक्त नव्या पार्टच्या पहिल्या दोन लॉटना (खेपांना). हे फसतं ते एकाच कारणाने: सुपरवायझरने मंजूर केलेला एखादा लॉट बिघडतो, मालक सगळ्यांसमोर ओरडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पीस पुन्हा मालकाच्या टेबलावर येतो. चूक झाली तर शीटमध्ये कोणतं माप राहून गेलं ते शोधा आणि शीट सुधारा. खरेदीचंही तसंच आहे. सुपरवायझरला न विचारता २,००० रुपयांपर्यंत खर्च करायची मुभा द्या आणि आठवड्याला हिशेब बघा. कापडाच्या चिंध्या, बोल्ट, बेअरिंग यांसाठी येणारे फोन त्या दिवसापासून कमी होतात.

एवढं बसलं की मग दिवसाला हात घाला. शेडवर गेल्या गेल्या १५ मिनिटं उभ्याउभ्या सुपरवायझरबरोबर फेरी: काल ठरलेलं किती निघालं, आज कोणत्या मशीनवर काय, काय अडलंय. त्यानंतर दीड तास दार लावून फक्त ‘म’चं काम, आणि त्यात पहिलं कोटेशन. फोन या वेळात सुपरवायझरकडे. शेडसाठी वेगळं सिमकार्ड घ्या आणि ग्राहकांच्या स्टोअर, क्वालिटी, डिस्पॅचवाल्यांना तोच नंबर द्या. तुमचा नंबर परचेस आणि अकाउंट्सपुरता राहू द्या. दीड तासात तुम्हाला उठवायची परवानगी तीनच कारणांना: कुणाला इजा झाली, मशीन बंद पडलं, ग्राहकाची लाईन थांबायची वेळ आली. बाकी सगळं दाराबाहेरच्या फळ्यावर लिहायचं. पहिले चार दिवस माणसं तरीही येतील. रागावू नका, फळ्याकडे बोट दाखवा. पाचव्या-सहाव्या दिवशी फळ्यावरच्या निम्म्या गोष्टी त्यांनीच सोडवलेल्या दिसतील. परत करायचे फोन दोन ठरलेल्या वेळांना, दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी पाचला. आणि कोटेशनला मुदत घाला: आलेल्या चौकशीला ४८ तासांत दर, किंवा निदान ‘अमुक दिवशी देतो’ असं उत्तर. कोटेशनं रखडण्याचं खरं कारण बहुतेकदा आळस नसतो. सायकल टाईम (एक पीस बनायला लागणारा वेळ) आणि तासाचा दर हाताशी नसतो, म्हणून प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागते आणि मन ते टाळतं. वर काढलेला तासाचा दर भिंतीवर लावा, तुमचं निम्मं कोटेशन तिथेच तयार आहे.

आता पैशाकडे येतो, कारण उमेद सगळ्यात जास्त तिथेच आटते. धंद्यात ऑर्डर आहे, माणसं राबताहेत, आणि तरी ६ तारखेला, पगाराच्या आदल्या रात्री, झोप लागत नाही, असं चार महिने चाललं की कुणाचंही मन कामावरून उडतं. या भीतीवर एकच इलाज खात्रीने चालतो: पुढच्या १३ आठवड्यांचं रोखीचं कोष्टक. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही. एक्सेलमध्ये करा नाहीतर मोठ्या वहीत आडवं पान घेऊन करा. वर आठवड्यांच्या तारखा. पहिल्या ओळीत सुरुवातीची शिल्लक. मग येणारे पैसे, ग्राहकवार. इथे पीओवर लिहिलेली मुदत घालू नका. तो ग्राहक गेल्या सहा बिलांत खरोखर किती दिवसांनी पैसे देत आला, ते घाला. पीओवर ४५ असेल आणि सवय ७० ची असेल, तर ७० च लिहा. मग जाणारे पैसे, ज्यांच्या तारखा पक्क्या असतात: बँकेचा हप्ता, ७ तारखेला पगार, कापलेला टीडीएस असेल तर त्याचीही ७ तारीख, माणसं १० च्या वर असल्यामुळे १५ तारखेला ईएसआय (कामगार विमा), जीएसटीच्या विक्री रिटर्नची (जीएसटीआर-१) ११ आणि जीएसटीआर-३बी या रिटर्नबरोबर कर भरायची २० तारीख, भाडं, वीज बिल, मटेरियल. तिमाही रिटर्नच्या योजनेत असाल तर तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत. ॲडव्हान्स टॅक्सचे १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च हे चार दिवस वेगळ्या रंगाने मांडा, कारण तेच सगळ्यात जास्त विसरले जातात.

जीएसटीची ओळ विशेष काळजीने भरा. नव्या मालकांचं घोडं इथेच पेंड खातं. मटेरियलसह ५ लाखांचा माल १८ टक्के दराने दिला, तर ९०,००० रुपये कर बिलात आहे. इनपुट क्रेडिट (खरेदीवर आधीच दिलेला कर) वजा जाऊन उरलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायची, ग्राहकाने पैसे दिलेले असोत किंवा नसोत. ग्राहक ७० दिवसांनी देणार असेल, तर मधले दिवस तो कर तुम्ही स्वतःच्या खिशातून सरकारला उसना दिलेला असतो. उशीर केला तर १८ टक्के वार्षिक व्याज, शिवाय रिटर्नला दिवसाला ५० रुपये लेट फी. उलट, ग्राहकाचे पैसे येतात तेव्हा खात्यात ५ लाख ९० हजार दिसतात आणि सगळे आपलेच वाटतात. म्हणून बिलाचे पैसे आले की कराचा वाटा वेगळ्या खात्यात टाकायची सवय लावा. तुमच्याकडे कॅश क्रेडिट (सीसी, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत बँकेतून उचलायचं कर्ज) असेल तर मात्र हे करू नका, कारण इकडे वेगळे ठेवलेले पैसे पडून राहतील आणि तिकडे सीसीवर व्याज चढेल. तिथे कोष्टकातच ‘कराचे राखीव’ अशी ओळ ठेवून उरलेल्या मर्यादेतून ती रक्कम वजा धरायची. सीसीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. बँका ड्रॉईंग पॉवर (सीसीतून प्रत्यक्ष किती उचलता येईल तो आकडा) काढताना सहसा ९० दिवसांवरची येणी धरत नाहीत. म्हणजे जुनी थकबाकी दोनदा चावते: पैसेही येत नाहीत आणि मर्यादाही घटते.

वसुली टाळली जाते, कारण ती हात पसरून मागण्यासारखी वाटते. ती मागणी राहू देऊ नका, तारखांचं काम करून टाका. माल गेल्यावर चलानवर शिक्का आणि जीआरएन (माल मिळाल्याची ग्राहकाची नोंद) नंबर त्याच आठवड्यात. सातव्या दिवशी अकाउंट्सला एकच प्रश्न: ‘बिल सिस्टीममध्ये चढलं का?’ रखडलेल्या बिलांपैकी बरीचशी चढलेलीच नसतात, दर जुळत नाही किंवा जीआरएन सापडत नाही म्हणून कुठल्या तरी ट्रेमध्ये पडलेली असतात. चाळिसाव्या दिवशी आठवण. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर आजच करा, ती फुकट आहे, आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ठरलेल्या तारखेला पैसे मिळायला हवेत. करार असला तरी ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि लेखी करार नसेल तर ती १५ दिवसांची. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. त्यात २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराची तरतूदही आली आहे: मुदत उलटून गेलेलं आणि ३१ मार्चपर्यंत न दिलेलं देणं खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतः यादी काढतात. तुमचं नाव त्या यादीत आहे का, हे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विचारून घ्या. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना हे लागू नाही, पण तुम्ही उत्पादक आहात.

तक्रारीसाठी याच कायद्याखालचं फॅसिलिटेशन कौन्सिल आणि सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. पण चालू ग्राहकाविरुद्ध पहिलं पाऊल म्हणून तिकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी परचेसच्या माणसाबरोबर समोरासमोर बसून थकलेल्या बिलांची तारीखवार यादी ठेवा आणि मागितलेल्या नव्या लॉटची तारीख त्या यादीला बांधा. बहुतेक गाठी तिथेच सुटतात. ग्राहक मोठा असेल आणि ट्रेड्सवर (बिलांचे पैसे मुदतीआधी मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर) नोंदलेला असेल, तर बिल तिथे डिस्काउंट करून पैसे लवकर मिळवा. ज्या ग्राहकाकडे परत जायचंच नाही, त्याच्यासाठी कौन्सिलचा रस्ता बिनधास्त धरा.

आता मूळ मुद्दा, विचारणाऱ्याचा. आपल्याकडे भिशी कशी चालते बघा. कायद्याचा धाक नाही, लेखी करार नाही, तरी माणूस दागिना मोडेल पण हप्ता चुकवत नाही. ठरलेली तारीख, ठरलेली रक्कम आणि तोंड ओळखणारी मोजकी माणसं, एवढ्यावर ती उभी असते. तुमच्या कामासाठी हीच रचना वापरा. चार मालक गोळा करा, पाचपेक्षा जास्त नकोत. एकमेकांचे स्पर्धक नकोत, एकमेकांचे ग्राहक-पुरवठादारही नकोत. तुमच्याबरोबर एक पॅकेजिंगवाला, एक फूड प्रोसेसिंगवाला, एक सॉफ्टवेअर सेवा देणारा असं चालेल. धंद्याचं वय आणि माणसांची संख्या साधारण जवळपास हवी. २०० माणसांच्या कारखानदारासमोर १२ माणसांचा मालक खरं बोलत नाही. भोसरीला गुरुवारची सुट्टी असते, तेव्हा एक सोडून एक गुरुवार, सकाळी ९ ते १०:३०, हे धरून ठेवा. जागा कुणाच्या तरी शेडमध्ये, हॉटेलात नको.

बैठकीला प्रत्येकाने एक पान आणायचं आणि त्यावर आकड्यांच्या पाचच ओळी. बँकेतली शिल्लक आणि १३ आठवड्यांत ती सर्वात खाली कुठे जाते तो आकडा. ४५ दिवसांवरची येणी. हातातल्या ऑर्डरी, पण रुपयांत नाही, मशीन-तासांत: ६०० पीस, सात मिनिटांचं सायकल, म्हणजे ७० तास अधिक सेटिंगचे ४, असे ७४ तास. गेल्या पंधरवड्यात मशीन खरोखर किती तास चाललं. आणि गेलेली कोटेशनं किती. ज्याचा धंदा वेगळा त्याने मशीन-तासांच्या जागी आपलं माप ठेवायचं, पण एकदा ठरवलेलं माप सहा महिने बदलायचं नाही. बैठकीची सुरुवात मागच्या वेळची वचनं वाचून करायची: झालं किंवा नाही झालं, एवढंच. कारणं नंतर. मग प्रत्येकाला २० मिनिटं. पहिली पाच मिनिटं आकडे, पुढची दहा एकच अडचण, शेवटची पाच पुढच्या पंधरवड्याची जास्तीत जास्त तीन वचनं, आणि प्रत्येकात संख्या व तारीख. ‘वसुलीकडे लक्ष देणार’ हे वचन नव्हे. ‘अमुक ग्राहकाच्या अकाउंट्समध्ये मंगळवारी स्वतः जाऊन तीन बिलांची तारीख घेणार’ हे वचन. एकजण रजिस्टरमध्ये लिहितो, सगळे सही करतात. आठवडा सरला की लिहिणाऱ्याकडून प्रत्येकाला एका ओळीचा निरोप.

असे गट मोडतात, आणि ठरावीक कारणांनीच मोडतात. विचारल्याशिवाय सल्ला सुरू होतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचीच बैठक होते. सरकार, कामगार आणि बाजार यांच्या तक्रारीत तास जातो. कुणीतरी कुणाला उसने पैसे देतो किंवा जामीन राहतो, आणि मग आकडे लपवले जातात. म्हणून तीन नियम पहिल्याच दिवशी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा: आपसांत उधार आणि जामीनकी नाही, इथलं बोलणं बाहेर नाही, लागोपाठ दोनदा न कळवता गैरहजर राहणारा बाहेर. तिसरा नियम पाळताना जड जाईल, तरी पाळा. तो एकदा मोडला की भिशी संपली. पुण्यात मराठा चेंबर आहे, उद्योजकांची १९३४ पासूनची संस्था. मराठी उद्योजकांच्या सॅटर्डे क्लबच्या सभा भरतात. नव्या उद्योजकांसाठी दे आसरा फाउंडेशन आहे. तिथे जरूर जा, ओळखी आणि माहिती मिळते, गटासाठी माणसंही भेटतील. पण ५० जणांच्या सभेत कुणी तुमची थकबाकी विचारत नाही. ते काम चौघांचं आहे.

बायकोला किंवा घरच्यांना या कामावर नेमू नका. त्यांना धंद्याची स्थिती कळलीच पाहिजे, महिन्यातून एकदा तेच पान त्यांच्यापुढे ठेवा, पण ‘केलंस का?’ हा रोजचा प्रश्न घरात आला की घरही ऑफिस होतं. सीएकडे मात्र वेगळी अपेक्षा ठेवता येते. रिटर्न भरणं एवढंच त्याचं काम समजू नका. तिमाहीला एक तास फी देऊन ठरवून घ्या आणि त्या तासात त्याने फक्त प्रश्न विचारायचे: मटेरियलचा टक्का का वाढला, या ग्राहकावर नफा उरतो का. फी न देता मागितलेला वेळ रिटर्नच्या गर्दीत हमखास पुढे ढकलला जातो.

तुमच्या पत्रात एक गोष्ट ओझरती आली आहे, तिच्यावर मी थांबणार आहे. चार वर्षांत तुम्ही स्वतःला ठरलेला पगार घेतलेला नाही, ‘उरलं तर घेतो’. उमेद ओसरण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि मालक ते त्याग समजतात. कामगाराला ७ तारखेला मोबदला मिळतो आणि मालकाला मिळत नाही, तेव्हा मन हळूहळू हिशेब मांडायला लागतं. घरखर्चाचा किमान आकडा काढा, समजा ६०,०००, आणि तो ७ तारखेला सगळ्यांबरोबर स्वतःच्या घरच्या खात्यात टाका. प्रोप्रायटर असाल तर हा आयकरात खर्च धरला जात नाही, ती उचल असते, पण कोष्टकात ओळ असलीच पाहिजे. १३ आठवड्यांत तेवढं बसत नसेल, तर तुमचे दर कमी आहेत किंवा मशीन रिकामं आहे. मालक फुकट राबतो तोवर हे झाकलेलं राहतं, पगाराची ओळ आली की उघडं पडतं. दर सुधारायची बोलणी त्यानंतरच खरी होते.

तिमाहीला एकच मोठं काम निवडा. एका ग्राहकावर निम्म्याहून जास्त विक्री अवलंबून असेल, तर तुमचं पहिलं काम ठरलेलंच आहे: दुसरा ग्राहक. ते लहान तुकड्यांत मोडा: २० कंपन्यांची यादी, आठवड्याला तीन भेटी, महिन्याला दोन सॅम्पल पार्ट. सोबत ‘या तिमाहीत करायचं नाही’ अशीही यादी हवी आणि तिच्यात पहिलं नाव नव्या मशीनचं लिहा. मन उदास असताना प्रदर्शनात जाऊन नवं मशीन बुक करणं ही या धंद्यातली फार महाग पडणारी सवय आहे. चार दिवस उत्साह येतो, मग सात वर्षं हप्ता येतो. आहे ते मशीन लागोपाठ तीन महिने ३०० तासांच्या वर चाललं आणि पुढच्या दोन महिन्यांचे तास हातात असले, तरच नव्याचा विषय गटासमोर काढायचा. खंडेनवमीला मशीन पुसून पूजा होते, त्या दिवशी प्रत्येक मशीनपुढे वर्षभराचे तास आणि राहिलेला हप्ता असा कागद ठेवून बघा. निर्णय सोपा होतो.

गुरुवारची सुट्टी पूर्ण घ्या. गटाची बैठक सोडली तर त्या दिवशी शेड नको.

आणि एक गोष्ट वेगळी सांगतो. वरचं सगळं कामाच्या रचनेचं आहे. पण दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन रमत नसेल, दारू वाढली असेल, किंवा संपवून टाकावं असे विचार येत असतील, तर ही रचना त्याचं औषध नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जा, आणि कर्जाचा आकडा एका माणसाला तरी खरा सांगा. धंदा पुन्हा उभा राहू शकतो.

सगळं एकदम सुरू करू नका, एकदम सुरू केलेलं तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं. पहिला आठवडा फक्त नोंदवही. दुसऱ्यात रोखीचं कोष्टक, ते पहिल्यांदा करायला चार-पाच तास लागतील, नंतर दर सोमवारी अर्धा तास पुरतो. तिसऱ्यात तपासणी शीट, पण ज्याचं रिजेक्शन सर्वात जास्त आहे त्या एकाच पार्टची. चौथ्यात सकाळचा दीड तास आणि दुसरं सिमकार्ड. याच महिन्यात गटासाठी तिघांना फोन करा, आणि फोनवर ‘भेटूया कधीतरी’ म्हणू नका, गुरुवारची तारीख सांगा. मधला एखादा आठवडा बुडाला तर मागचं भरून काढायच्या नादी लागू नका. त्या सोमवारच्या शिल्लकेवरून कोष्टक पुढे चालू करा आणि बुडालेल्या आठवड्याच्या रकान्यात ‘बुडाला’ असं लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत चौघांपैकी कुणीतरी त्याबद्दल विचारेलच.